आता त्यांचं वर्ष ऐकून घे

जगाची फेरी मारून घरी आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात सगळे कुशीत घेतात, दुसऱ्या आठवड्यात "किती वाळलीस गं" म्हणत खाऊ घालतात आणि तिसऱ्या आठवड्यात विचारतात, "मग, आता पुढे काय?" तुझा तिसरा आठवडा चालू आहे, म्हणून आज मुद्दाम लिहायला बसले.

परवा फोनवर तू आवाज बारीक करून म्हणालीस, "ताई, मला इथे करमत नाहीये आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. सगळे इतके आनंदात आहेत." लाज कसली गं त्यात? वर्षभर रोज सकाळी उठून आज कुठे झोपायचं, काय खायचं, कुठली बस पकडायची हे तू एकटीने ठरवत होतीस. आता सकाळी डोळे उघडायच्या आत चहा समोर येतो आणि दिवस कसा जाणार ते घराला आधीच ठाऊक असतं. एवढा मोठा फरक पचायला वेळ लागणारच. 1963 साली जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक जोडप्याने परदेशात राहून मायदेशी परतलेल्या अभ्यासकांबद्दल लिहिलं होतं. परक्या देशात गेल्यावर माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग हळूहळू सावरतो, आणि घरी आल्यावर हे सगळं चक्र त्याला पुन्हा एकदा भोगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. तू आत्ता त्या दुसऱ्या फेरीच्या उतारावर आहेस. तुझ्या मनात काही बिघडलेलं नाही आणि आईबाबांवरची मायाही कमी झालेली नाही. तेवढं आधी पक्कं धरून चाल.

आणि शरीराकडे बघ. तू शेवटच्या विमानाआधीचा टप्पा मालवाहू जहाजाने केलास. अंघोळ करताना जमीन हलल्यासारखी वाटते म्हणालीस, ते त्यामुळेच. समुद्रावर बरेच दिवस काढलेल्यांना किनाऱ्यावर उतरल्यावर असं होतं. बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. तुझं महिनाभर टिकलं, तर मात्र डॉक्टरांना दाखव. झोपेचं म्हणशील तर जितके तास घड्याळ सरकलं, साधारण तितके दिवस धरावेत. दुपारी पडून राहू नकोस, सकाळचं ऊन घे.

एक गोष्ट मात्र आईच्या काढ्यावर सोडायची नाही. येत्या वर्षभरात कधीही थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मी अमुक अमुक देश फिरून आले आहे. तू आफ्रिकेतून आणि अॅमेझॉनच्या बाजूने आली आहेस. मलेरिया डास चावल्यावर काही आठवड्यांनी उठू शकतो, आणि त्याच्या काही जाती तर यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतात. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की सगळे "व्हायरल असेल" म्हणून मोकळे होतात. देशांची नावं कागदावर लिहून पाकिटात ठेव. पिवळ्या तापाच्या लशीचं ते पिवळं पुस्तकही जपून ठेव, 2016 पासून ते जन्मभर चालतं. पैशांचंही उरकून टाक. उरलेल्या डॉलरच्या नोटा कपाटात पडून आहेत ना? दोन हजार डॉलरच्या वर जे असेल ते परतल्यापासून 180 दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत चलन बदलणाऱ्याकडे द्यावं लागतं. एक सकाळ काढ आणि मोकळी हो.

आता खरं बोलायचं ते बोलते.

तू म्हणालीस, "कुणाला ऐकायचंच नाहीये. 'कसं झालं गं?' विचारतात आणि मी पॅटागोनियाच्या वाऱ्याबद्दल बोलायला लागले की दोन मिनिटांत विषय भिशीवर जातो." याचं वाईट वाटतं, हे मला माहीत आहे, माझ्या फेरीनंतर मलाही वाटलं होतं. पण लोकांना उत्तर कळण्यासाठी प्रश्न आधी त्यांच्या अनुभवात असावा लागतो. ज्यांनी तो वारा खाल्लाच नाही, ते काय विचारणार? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी 1969 च्या 22 एप्रिलला फाल्मथ बंदरात परतला. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीभोवती शिडाच्या होडीने फेरी मारणारा तो पहिला माणूस. 312 दिवस तो पाण्यावर होता. त्याची 'सुहेली' होडी आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, याचं मला फार अप्रूप आहे. बंदरात कस्टमचे अधिकारी होडीवर चढले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुठून आलात? तो म्हणाला, फाल्मथहून. एवढंच.

तसं एक लहान उत्तर तूही तयार ठेव. लग्नात, सोसायटीच्या गेटवर, नातेवाइकांच्या हळदीकुंकवात देण्यापुरतं. एखादी गंमत, एखादं गाव, एखादा पदार्थ, आणि पुढे "तुम्ही कशा आहात?" मोठी गोष्ट ज्यांना हवी आहे ते आपणहून येतील, तुझ्याजवळ खुर्ची ओढून बसतील, मधेच थांबवून विचारतील. अशी माणसं दोन-तीनच असतात. तेवढी पुरतात.

पण अगं, तू सांगायला इतकी आतुर आहेस की तुला एक दिसलेलंच नाही. तू नव्हतीस त्या वर्षाची गोष्ट इकडेही घडून गेली आहे. तीही कुणी ऐकलेली नाही.

मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला गेल्या वर्षीचं कालनिर्णय अजून टांगलेलं आहे, ते तू नीट पाहिलंस का? नवीन आणलंय, पण जुनं तिने काढलेलं नाही. पानं उलटून बघ. तिच्या त्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात प्रत्येक चौकोनात काहीतरी आहे. "गॅस लावला." "दूध अर्धा लिटर जास्त." "बाईची सुट्टी." आणि त्याच चौकोनात, एकादशीच्या खुणेखाली जागा काढून, "लिमा. साडेदहा तास मागे. रात्री 8 नंतर फोन." पुढच्या ओळीत नुसतं, "नाही आला." दुसऱ्या दिवशीही, "नाही आला." तिसऱ्या दिवशीच्या चौकोनात निळ्याऐवजी लाल पेन, "आला. सर्दी आहे. बस लांबची." मी ते पान हातात धरून उभी राहिले होते. त्या तीन दिवसांत तू डोंगरात होतीस, रेंज नव्हती, तू मजेत होतीस. तुला कसं कळणार? पण मावशीने ते तीन दिवस त्या ओट्यापाशी काढले. पासपोर्टचं पानही न उघडता तिने तुझ्याबरोबर अख्खी पृथ्वी फिरून घेतली, आणि तिच्या त्या प्रवासाबद्दल तिला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आपल्याकडच्या घरांची एक रीत आहे. लांब असलेल्या मुलीला वाईट बातमी सांगायची नाही. "ती तिकडे एकटी, तिला कशाला घोर?" मी बोलिव्हियात होते तेव्हा माझी आत्या गेली. मला ते विमानतळावरून घरी येताना गाडीत कळलं, तेही टोलनाक्यावर, सुटे पैसे काढता काढता बाबांच्या तोंडून निघून गेलं म्हणून. तोवर तिचं वर्षश्राद्धही जवळ आलं होतं. घरात सगळ्यांचं रडून झालेलं होतं, आणि मी एकटीच नव्याने रडत होते. त्या दिवसांत मला कुणाची सोबत मिळाली असेल तर ती आईची. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. आत्या शेवटी काय बोलली, काय खायला मागितलं, माझ्याबद्दल काय विचारलं. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी ओटा पुसता पुसता बोलत असू. मी घरी परतले ती खरं तर त्या बोलण्यातून. त्याआधी मी नुसती घरात राहत होते.

तुझ्या घरातही अशा न सांगितलेल्या गोष्टी आहेत. मला काही माहीत आहेत, पण त्या मी सांगणं बरोबर नाही. काका, तुझे बाबा, अलीकडे जिना चढताना कठड्याला धरतात, ते बघ. धाकट्या भावाने नोकरी कधी बदलली आणि का बदलली, ते त्याला विचार. तो मोठा झालाय, तुझ्या गैरहजेरीत त्याने एकट्याने बरंच निभावलं आहे आणि तुझ्यासमोर त्याला ते बोलून दाखवायचा संकोच वाटतो, कारण तुझ्या गोष्टी फार मोठ्या आहेत आणि त्याची दवाखान्याच्या रांगेची आहे. तुझे फोटो टीव्हीवर लावून दाखवायच्या आधी त्याच्यासोबत चहाला बाहेर जा. मी तर म्हणेन, महिनाभर तूच विचारत राहा. तुझं सांगायचं पळून जात नाही. त्यांचं मात्र शिळं होत जातं, आणि एकदा "जाऊ दे, झालं ते झालं" असं ठरलं की पुन्हा कधी निघत नाही.

आता तुझ्या डोक्यात घोळतंय ते. "पुन्हा निघू का?" तू विचारलं नाहीस, पण मला ऐकू आलं. तुला बर्नार म्वातेसिए या फ्रेंच खलाशाची गोष्ट फार आवडते, मला माहीत आहे. नॉक्स-जॉन्स्टन ज्या शर्यतीत होता त्याच शर्यतीत तोही होता. केप हॉर्न ओलांडल्यावर त्याला घराकडे वळायचं होतं. 1969 च्या मार्चमध्ये केप टाउनजवळ एका जहाजावर त्याने गलोलीने निरोप फेकला की मी परत येत नाही, आणि तो पुढे जात राहिला तो थेट ताहितीपर्यंत. तरुण प्रवासी त्याला देव मानतात. त्याची होडी हाकण्याची ताकद मलाही थक्क करते. पण मला ती गोष्ट वाचताना दर वेळी त्याच्या बायकोची, फ्रान्स्वाजची आठवण येते. ती फ्रान्समध्ये वाट पाहत होती. तिला तो निरोप कसा वाटला असेल? त्याच्या निर्णयावर माझं मत मागशील तर मला तो मान्य नाही. ज्यांना येतो म्हणून सांगितलं त्यांच्याकडे एकदा यावं, समोर बसावं, मग हवं तर पुन्हा जावं.

म्हणून माझं सांगणं, निदान सहा महिने पुढचं तिकीट काढू नकोस. नोकरीचा मोठा निर्णय, लग्नाचा होकार-नकार, शहर बदलणं, यातलं काहीही या उतारावर असताना ठरवायचं नाही. आत्ता जे ठरवशील ते इथून पळण्यासाठी ठरवशील. शांत झाल्यावरही जावंसं वाटलं तर मी स्वतः तुला सोडायला येईन.

मग तोवर काय करायचं? मला यात आपल्या नौदलाच्या लोकांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या होडीतून 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि 2010 च्या मेमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. होडीही गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. परतल्यावर त्यांनी काय केलं? पुढच्या माणसाच्या तयारीला लागले. अभिलाष टॉमी त्याच होडीतून 2012 च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता 2013 च्या वसंतात मुंबईला आले. मग नौदलातल्या सहा मुलींना दोंद्यांनी तयार केलं. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि तिच्या पाच सहकारी 'तारिणी'वरून 2017 च्या 10 सप्टेंबरला गोव्यातून निघाल्या आणि 254 दिवसांनी, 2018 च्या 21 मे रोजी, पुन्हा गोव्यात आल्या. त्यानंतर त्याच तारिणीवर फक्त दोघीजणी गेल्या, लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा. त्यांना शिकवलं अभिलाष टॉमींनी. त्या 2024 च्या 2 ऑक्टोबरला निघाल्या आणि 2025 च्या मेअखेर परतल्या. पंधरा-सोळा वर्षं एकाची फेरी संपली की तिथून दुसऱ्याची तयारी सुरू, असं चाललं आहे. पाण्यात काय बिघडतं, खाणं किती घ्यायचं, झोप कशी तुकड्यातुकड्यांत काढायची, हे सगळं एका माणसाने दुसऱ्याला समोर बसून सांगितलेलं.

तुझ्याकडेही असं देण्यासारखं आहे. आपल्या पासपोर्टवर व्हिसा मिळवताना कुठे किती कागद लागतात, एकट्या मुलीने रात्रीच्या बसस्टँडवर कुठे बसावं, पाळी आल्यावर वाळवंटात काय करावं, शाकाहारी राहून मंगोलियात कसं निभतं, हे तुला जेवढं माहीत आहे तेवढं मराठीत फार थोड्या जणींना माहीत असेल. गावातल्या कॉलेजात जा, मुलींसमोर बस. दहा जणी येतील, त्यातली एक वहीत लिहून घेईल. त्या एकीसाठी वेळ काढ.

नोकरीच्या मुलाखतीत त्या रिकाम्या वर्षाबद्दल विचारतील. दबकून उत्तर देऊ नकोस. वर्षभराचं बजेट तू सांभाळलंस, भाषा येत नसताना कामं करून घेतलीस, ते सरळ सांग. कुणाला पटलं नाही तर पुढची जागा बघ. आणि "आता तरी स्थिर हो" म्हणणाऱ्या नातेवाइकांना उत्तरच देऊ नकोस, नमस्कार कर आणि पोहे घे. त्यावर याहून जास्त शाई घालवायची माझी इच्छा नाही.

रोजनिशी मात्र बंद करू नकोस. विमान उतरलं त्या दिवशी तुझी वही संपली, असं तू म्हणालीस. नवी आण. मॅगेलनच्या ताफ्याबरोबर गेलेला पिगाफेट्टा हा इटालियन माणूस आठवतो ना? पाच जहाजं 1519 मध्ये स्पेनमधून निघाली होती, आणि 1522 च्या सप्टेंबरमध्ये 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज अठरा जणांना घेऊन परत आलं. त्याआधी केप व्हर्द बेटांवर धान्यासाठी थांबले असताना त्यांनी किनाऱ्यावर वार विचारला. त्यांच्या हिशेबाने बुधवार होता, किनाऱ्यावरचे लोक म्हणाले गुरुवार. पिगाफेट्टा चक्रावला, कारण त्याने एकही दिवस न चुकवता लिहिलं होतं. पश्चिमेकडे जात जात सूर्याच्या मागोमाग पृथ्वीला फेरी मारली की एक दिवस कमी मोजला जातो, हे त्या वहीमुळे कळलं. परतीच्या वाटेवरही तो लिहीत राहिला म्हणून ते उमगलं. तूही आत्ताचे हे करमत नसलेले दिवस लिहून काढ. घर कुठे बदललं, तू कुठे बदललीस, हे आज नाही समजणार. सहा महिन्यांनी वाचशील तेव्हा समजेल. आणि त्यात मावशीने सांगितलेलंही लिही, तिच्या शब्दांत, तारखेसह.

माझ्याकडे कधीही ये. पॅटागोनियाचा वारा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आहे, अर्धवट नको, रात्र झाली तर राहा. पण येण्याआधी एक कर. आज संध्याकाळी मावशी भाजी निवडायला बसेल, तेव्हा ते जुनं कालनिर्णय खाली काढ, तिच्याशेजारी बस आणि जानेवारीपासून एकेका चौकोनाबद्दल तिला विचार.